राज्याभिषेक शुक्रवारी की शनिवारी? रायगडावरची घटका आणि यंत्राच्या पोटातले घड्याळ

रायगडावर शिवछत्रपती सिंहासनावर बसले, तो वार कोणता? जेधे शकावली शुक्रवार सांगते आणि तिथी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शके १५९६ अशी देते. इंग्रजी तारीख ६ जून १६७४. त्या दिवशी शनिवार होता. राज्याभिषेक शकाचे वर्ष मात्र त्रयोदशीपासून मोजले जाते. वार दोन, तिथी दोन. तरीही यांतली एकही नोंद चुकीची नाही.

उलगडा शकावलीतच आहे. सिंहासनारोहण झाले तेव्हा तीन घटका रात्र उरली होती. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाला ७२ मिनिटांचा अवकाश होता. पंचांगाचा वार सूर्योदयाला पालटतो. म्हणून शुक्रवार अजून चालूच होता. इंग्रजांचा दिवस मध्यरात्रीच बदलला होता. तिथीचेही तसेच. द्वादशी शुक्रवारी २१ घटका ३४ पळांपर्यंत होती, दुपारीच त्रयोदशी लागली. पण दिवसाला नाव मिळते ते सूर्योदयाच्या तिथीचे. त्या वेळी गडावर असलेला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन जुन्या ज्युलियन गणनेने तारखा लिहीत होता. रेवदंड्याच्या पोर्तुगिजांनी ग्रेगरियन गणना केव्हाच स्वीकारलेली. त्यांच्या लेखी तो दिवस १६ जूनचा. आज गडावर सोहळा तारखेने एकदा आणि तिथीने एकदा होतो. १६ जूनची आठवण कोणी काढत नाही, हे एका परीने बरेच आहे.

मुद्दा असा की, क्षण एक असला तरी त्याचे नाव मोजणाऱ्याच्या नियमावर ठरते. आणि तो क्षण पकडायचा तर हाताशी विश्वासू घड्याळ हवे.

त्या काळी हे काम घटिकापात्र करी. पातळ तांब्याची वाटी, तळाला बारीक छिद्र. ती पाण्यावर सोडली की भरत जाई आणि एका घटकेत बुडे. सूर्यबिंब अर्धे दिसताच पहिले पात्र सोडायचे, बुडाले की मोजून पुन्हा सोडायचे. ज्येष्ठात रायगडच्या अक्षांशावर रात्र साधारण २७ घटकांची असते. तेव्हा ‘तीन घटका उरल्या’ हे ओळखायचे तर सूर्यास्तापासून सुमारे २४ पात्रे बिनचूक मोजली गेली पाहिजेत. ज्येष्ठात कोकणचे आकाश ढगाळलेले असते. सूर्य दिसला नाही, तर आदल्या खुणेपासूनची मोजणी हाच आधार. छिद्रात क्षार साचला, एखादा कण अडकला, तर काळ नकळत मागे पडे. लीलावतीची दंतकथा याच भयाची आहे. पात्रात मोती पडून छिद्र बुजले, पात्र बुडालेच नाही आणि विवाहमुहूर्त टळून गेला. १५८७ मध्ये फैजीने ‘लीलावती’चा फारसी अनुवाद केला, त्यात ही कथा येते. ती खरी असो वा नसो, घड्याळात बिघाड झाला तरी ते मुकाट्याने चुकते, हे तिला नेमके कळले होते.

विजेचा मीटर, तिकीटयंत्र, स्वयंचलित पर्जन्यमापक यांच्या पोटातला छोटा संगणक आज त्याच अडचणीत असतो. त्याच्याजवळ क्वार्ट्झचा स्फटिक आणि बटणाएवढा सेल असतो. स्फटिक दिवसाला सेकंदाच्या अंशाने किंवा काही सेकंदांनी सरकतो. म्हणून तो अधूनमधून दूरच्या सर्व्हरला किंवा उपग्रहाला वेळ विचारतो. सूर्याला विचारावे तसेच. २२ जुलै २०२१ रोजी महाड पुराने वेढले गेले, तळिये येथे दरड कोसळली, तालुक्यात वीज आणि दूरध्वनी बंद पडले. अशा वेळी यंत्राला विचारायला कोणीच उरत नाही. पाणी किती वाजता चढले याची नोंद फक्त त्या सेलच्या भरवशावर राहते.

सेल संपला तर? बहुतेक यंत्रे मग स्वतःच्या आरंभबिंदूवर जातात. युनिक्स घराण्यातील यंत्रांसाठी तो १ जानेवारी १९७० आहे. राज्याभिषेक शकाचाही आरंभबिंदू असाच ठरवून घेतलेला होता. पत्रांवर शके १५९६ ऐवजी राज्याभिषेक शक १, आनंदनाम संवत्सर असे येऊ लागले. गोम एवढीच की शालिवाहन शक चैत्रात पालटतो आणि हा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्यामुळे चैत्रापासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंतच्या पत्रासाठी आकड्यात १५९६ मिळवायचे, एरवी १५९५. हे विसरणारा अभ्यासक पत्र एका वर्षाने मागे-पुढे ढकलतो. ३२ अंकी मोजणी करणाऱ्या यंत्रांची मर्यादाही अशीच ठरलेली आहे: १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद.

खरा धोका मात्र कुणीतरी मुद्दाम वेळ बदलण्याचा. यंत्राला काल्पनिक जुनी तारीख पटवून दिली, तर मुदत संपलेले प्रमाणपत्रही ते खरे मानते. म्हणून जपून बनवलेले यंत्र शेवटची खात्रीची वेळ साठवते, त्याहून मागे जायला नकार देते, एकापेक्षा अधिक सर्व्हरांना विचारते आणि उत्तरावर स्वाक्षरी मागते.

इतिहासकारही हेच करतात. जुन्या बखरींत शिवजन्म वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ असा होता. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ आली. एकट्या शकावलीवर कोणी विसंबले नसते. पण शिवरायांच्या समकालीन कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तोच दिवस निघाला; शकावलीचा आणि त्या काव्याचा परस्परांशी संबंध नाही, त्यामुळे मेळाला वजन आले. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे शासनानेही मान्य केली. त्या परमानंदांची समाधी रायगडापासून फार दूर नाही. महाडहून महाबळेश्वरकडे निघालेला प्रवासी आंबेनळी घाट चढण्याआधी ज्या पोलादपुरातून जातो, तिथेच ती आहे.