विसाव्याचे खेळ

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा एक प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. जुन्या मराठीतील काही पदरचना या ग्रंथात आढळत असल्यामुळे आपल्या भाषेच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. त्याचे शंभर अध्याय पाच विंशतींत विभागलेले आहेत. राज्य कसे मिळवावे आणि ते स्थिर कसे करावे, एवढे पहिल्या दोन विंशतींत सांगून झाल्यावर उरलेल्या तीन विंशती सोमेश्वराने उपभोग, विनोद आणि क्रीडा यांना दिल्या आहेत. मी सरकारी नोकरीतला मनुष्य. राज्यकारभारावरील ग्रंथाचा एवढा मोठा भाग रंजनाकडे गेलेला पाहून मला प्रथम नवलच वाटले. पण ग्रंथाचे नावच मुळी मनाचा उल्हास असे आहे! शेवटच्या विंशतीत बुद्धिबळ, फासे आणि कवड्या आहेतच. त्यांच्या जोडीला हिरवळीवर, वाळूत, चांदण्यात आणि पिकांनी भरलेल्या शेतात करावयाच्या क्रीडाही आहेत. या दुसऱ्या प्रकारात जिंकण्याहरण्यापेक्षा रमणे हाच हेतू असावयाचा.

श्रोतेहो, हा प्रकार पुन्हा अवतरला आहे, आणि तोही संगणकाच्या व दूरध्वनीच्या पडद्यावर. त्यात शत्रू नसतो, घाई नसते. एक लहानसे शेत असते, ते नांगरावे, पाणी घालावे, शेजाऱ्याची विचारपूस करावी, घर मांडावे. इंग्रजीत या खेळांना ‘ऊबदार’ अशा अर्थाचे विशेषण लावतात. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडविण्याचे कारण नाही. ही भातुकलीच आहे; फक्त ती खेळणारी माणसे वयाने मोठी आहेत. अशा खेळांनी मनाला खरोखरच स्वास्थ्य लाभते काय, की ही केवळ पळवाट आहे, असा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना म्हैसूरच्या एका राजाची हकीकत मला फार उद्बोधक वाटते.

मुम्मडि कृष्णराज वडेयर, म्हणजे तिसरे कृष्णराज, यांचा जन्म १७९४ चा. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १७९९ मध्ये इंग्रजांनी या पाच वर्षांच्या मुलास गादीवर बसविले आणि कारभार दिवाण पूर्णय्यांच्या हाती राहिला. पुढे राजे वयात आले, त्यांनी सूत्रे हाती घेतली. पण नगर प्रांतात रयतेचा उठाव झाला आणि ते निमित्त होऊन १८३१ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक याने राज्याचा कारभार कंपनीकडे घेतला. राजे त्या वेळी सदतीस वर्षांचे होते. पदवी राहिली, राजवाडा राहिला, नेमणूक राहिली. काम तेवढे गेले. ते गेले बंगळुरास. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे असलेल्या या शहरात, टिपूच्या उन्हाळी महालात, कमिशनरची दप्तरे थाटली गेली. मार्क कब्बन याने १८३४ पासून १८६१ पर्यंत तेथून राज्य चालविले. ज्या कागदांवर राजांची सही व्हावयाची, ते कागद आता ऐंशीनव्वद मैलांवरच्या या गावी फिरू लागले. अधिकार गेलेला आणि मान तेवढा उरलेला मनुष्य पाहिला म्हणजे ही अवस्था किती जीवघेणी असते ते कळते. कचेऱ्यांतून असे निवृत्त लोक आम्ही नित्य पाहतो. त्यांचे दुःख पैशाचे नसते. आपल्या हातून काही घडत नाही, याचे असते.

उरलेली सदतीस वर्षे कृष्णराजांनी काय केले? ग्रंथरचना करविली, मंदिरांना देणग्या दिल्या, चित्रकार पदरी बाळगले, आणि खेळ निर्माण केले. पच्चिसी व सापशिडी यांच्या धर्तीवर त्यांनी नवे पट आखले, त्यांत देवता आणि राशी गुंफल्या. गंजिफांचा तर त्यांनी संसारच वाढविला. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने असतात. कृष्णराजांच्या काही संचांत तीनशेहून अधिक पाने आहेत. बुद्धिबळाचा घोडा चौसष्ट घरांतून, एकाही घरात दुसऱ्यांदा न जाता, कसा फिरवावा या कोड्याच्या उकली त्यांनी छंदाने सोडविल्या. त्यांच्या नावे असलेल्या ‘श्रीतत्त्वनिधि’ या सचित्र ग्रंथाचा नववा भाग ‘कौतुकनिधि’ म्हणून ओळखला जातो आणि तो खेळांनाच वाहिलेला आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात, रंगमहालाच्या भिंतीवर, हे पट आजही रंगविलेले दिसतात.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हा राजा उधळ्या आणि विलासी. त्या लोकांनी हा उद्योग रिकामटेकडेपणात जमा केला यात आश्चर्य नाही. मला मात्र त्या पटांकडे पाहताना निराळे वाटते. घोड्याच्या कोड्यात नियम ठरलेले असतात. ते कोणा गव्हर्नर जनरलच्या लहरीने बदलत नाहीत. नीट विचार करून चाल केली की घोडा त्या घरात जाऊन बसतो. ज्याच्या शब्दाला बाहेरच्या जगात वजन राहिले नाही, त्याला चौसष्ट घरांचे का होईना, पण आपल्या कृतीला फळ देणारे एक राज्य येथे मिळते. विसाव्याच्या खेळांचे मर्म हेच असावे.

पडद्यावरच्या शेतीचा उगमही अशाच एका उणिवेतून झाला. १९९६ मध्ये ‘हार्वेस्ट मून’ हा शेतीचा खेळ रचणारे यासुहिरो वादा हे खेड्यात वाढून तोक्योस नोकरीला आलेले जपानी गृहस्थ. मागे राहिलेल्या गावाची किंमत त्यांना शहरात कळली. त्याच परंपरेत एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने खपून २०१६ मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ प्रसिद्ध केला. त्याचा नायक कचेरीतील नोकरीला कंटाळून आजोबांच्या पडीक शेतावर राहावयास जातो. बंगळुरात दिवसभर संगणकापुढे बसणारी मंडळी रात्री त्याच यंत्रावर भोपळे लावतात, याचे हसू येते खरे. पण चुकते कोठे? मार्च २०२० मध्ये महामारीने जगाची दारे बंद झाली, त्याच महिन्यात ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या मालिकेतील एका बेटावरच्या भातुकलीचा नवा खेळ बाजारात आला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याच्या १ कोटी ३४ लाख प्रती खपल्या.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी हा खेळ खेळणाऱ्या २,७५६ लोकांची पाहणी केली. खेळण्याची वेळ त्यांनी खेळाडूंच्या सांगण्यावरून न घेता प्रत्यक्ष नोंदींवरून घेतली. अधिक वेळ खेळणारे किंचित अधिक समाधानी आढळले. मात्र २०२२ मध्ये सात खेळांच्या ३८,९३५ खेळाडूंची त्याहून मोठी पाहणी झाली, तेव्हा खेळाच्या तासांचा मनःस्वास्थ्यावर बरावाईट म्हणण्याजोगा परिणाम दिसून आला नाही. तास महत्त्वाचे नव्हते, वृत्ती होती. आनंदासाठी आपखुशीने खेळणारे अधिक स्वस्थ होते, आणि काही मिळविण्याच्या दडपणाखाली खेळणारे कमी.

पणाला लावलेल्या खेळाची गोष्ट आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या विलापाचे एक संपूर्ण सूक्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तोही हाच भेद मानतो. परंतु पण नसलेला खेळही माणसाला गिळू शकतो. बंगळुरातील निम्हान्स ही मनोरुग्णांची सेवा करणारी आणि त्यांच्या आजारांचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तेथे २०१४ पासून यंत्रांच्या अतिवापरासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे. त्याची लक्षणे तासांत मोजलेली नाहीत. खेळण्यावर ताबा राहत नाही, इतर सर्व गोष्टींहून खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही तो थांबत नाही, आणि हे साधारणतः वर्षभर चालते. मग तो विकार.

या कसोटीवर कृष्णराज कसे उतरतात? पटांच्या त्या साऱ्या वर्षांत राज्य परत मिळावे म्हणून त्यांची खटपट थांबली नव्हती. अर्जविनंत्या कलकत्त्यास आणि लंडनला जातच होत्या. सत्तरी ओलांडल्यावर, १८६५ मध्ये, त्यांनी दत्तक घेतला. तो इंग्रज सरकारने प्रथम मानला नाही, १८६७ मध्ये मानला. पुढच्याच वर्षी, मार्च १८६८ मध्ये, राजे वारले. त्याच साली बंगळुरातील सरकारी दप्तरे टिपूच्या महालातून निघून अठरा खात्यांच्या नव्या लाल इमारतीत, अठरा कचेरीत, गेली. आणि १८८१ च्या मार्चमध्ये त्या दत्तकपुत्रास, दहाव्या चामराजेंद्रांस, म्हैसूरचे राज्य परत देण्यात आले.