सपोर्टर, चोळी आणि धावणारी स्त्री

मराठीला लंगोटाची लाज वाटत नाही. मल्लाचा लंगोट आखाड्यात मिरवतो, 'लंगोटीयार' हा शब्द तर मैत्रीचाच दाखला होऊन बसला आहे. चोळी मात्र आम्ही वर्गात शिकवतो ती प्रामुख्याने दोन ठिकाणी: लावणीच्या शृंगारात आणि साडीचोळीच्या मानात. पहिल्या ठिकाणी ती पाहणाऱ्याची असते, दुसऱ्या ठिकाणी देणाऱ्याची. घालणारीला ती काचते की सावरते, हा प्रश्न आमच्या वर्गात क्वचितच उपस्थित होतो. म्हणूनच स्पोर्ट्‌स ब्राचा इतिहास येथे मांडावासा वाटतो.

१९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला आणि शिक्षणसंस्थांतील क्रीडाक्षेत्र मुलींना खुले होऊ लागले. त्याच वर्षी बॉस्टन मॅरेथॉनने स्त्रियांना अधिकृत प्रवेश दिला. दार उघडले; पण आत धावायचे काय घालून? १९७७ साली व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन येथे नियमित धावणाऱ्या लिसा लिंडाल यांना त्यांच्या बहिणीने नेमके हेच विचारले. पुरुषांसाठी सपोर्टर असतो, मग स्त्रियांसाठी का नसावा, असा विषय निघाला. हसण्यावारी गेलेली ही गोष्ट लिंडाल यांनी गांभीर्याने घेतली. त्यांची बालमैत्रीण पॉली स्मिथ ही नाटकांची वेशभूषाकार. तिच्या सोबतीला हिंडा मिलर. व्हरमाँट विद्यापीठाच्या नाट्यगृहातील शिवणघरात दोन सपोर्टर एकत्र शिवले गेले आणि पहिला नमुना सिद्ध झाला. खांद्यावरून घसरू नयेत म्हणून पट्टे पाठीवर एकमेकांना छेदून गेले. त्वचा सोलवटू नये म्हणून शिवणी बाहेरच्या बाजूस आल्या. 'जॉकब्रा' हे आरंभीचे नाव पुढे 'जॉगब्रा' झाले. १९७९ साली तिला पेटंट मिळाले.

या वस्त्रामागील गरज शरीररचनेतच आहे. स्तनात त्याला तोलून धरणारा स्नायू नसतो. आधार असतो तो त्वचेचा आणि आतील नाजूक तंतूंचा. धावताना हालचाल वर-खाली होते, डावी-उजवीकडे होते आणि पुढे-मागेही होते. तिला आवर घालण्याचे मुख्य काम खांद्यावरचे पट्टे नव्हे, तर छातीखालचा पट्टा करतो. तो सैल असला की सारा भार खांद्यांवर येतो. अति आवळला की श्वास कोंडतो. तेव्हा महागडे वस्त्र घेण्यापेक्षा मापाचे घेणे महत्त्वाचे.

१० जुलै १९९९ रोजी विश्वचषक जिंकून देणारी पेनल्टी मारल्यावर ब्रँडी चॅस्टेन हिने जर्सी काढली, तेव्हा जगभर चर्चा झाली ती तिच्या काळ्या स्पोर्ट्‌स ब्राची. पुन्हा पाहणाऱ्याचीच नजर! खेळणारीच्या बाजूने पाहणारा सन्मान यायला २०२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी या तिन्ही स्त्रियांचा समावेश अमेरिकेच्या 'नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम'मध्ये झाला.

महाविद्यालयाच्या क्रीडादिनी छातीशी हात आवळून धावणाऱ्या मुली आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या आणि त्याला 'संकोच' असे नाव देऊन मोकळे झालो. कदाचित तो संकोच नव्हता, वेदना होती. पदर खोचून कामाला लागणारी स्त्री ज्या भाषेने वाक्प्रचारात सामावून घेतली, त्या भाषेला ही वेदनाही नि:संकोचपणे उच्चारता यावी. आरंभ आमच्याच वर्गापासून व्हावयास हवा.