आकाशवृत्ती

पगार, वतन, शेती किंवा साठा यांपैकी कशाचाही आधार न ठेवता, देव देईल त्यावर चरितार्थ चालवण्याची रीत. बोलण्यात या शब्दाला अनिश्चिततेची, कधी हेटाळणीचीही छटा असते. एखाद्याचे घर आकाशवृत्तीवर चालले आहे असे सांगणाऱ्याच्या मनात श्रद्धेपेक्षा काळजीच जास्त असते. धर्मग्रंथांत आणि संतचरित्रांत मात्र ती व्रत म्हणून येते. या नोंदीत तिच्या या व्रतरूपाचा, त्यातही एकोणिसाव्या शतकात त्यावर उभ्या राहिलेल्या संस्थांचा विचार केला आहे.

आकाशवृत्ती आणि भिक्षा यांत फरक आहे. भिक्षेकरी दारात उभा राहून मागतो. माधुकरी मागणारा किंवा वार लावून जेवणारा विद्यार्थीही मागतच असतो, फक्त त्याची घरे ठरलेली असतात. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक समास खर्च केला आणि घरोघर हिंडण्याला लोकपरीक्षेचे साधन मानले. आकाशवृत्तीचा माणूस तोंडाने मागत नाही, आपली गरजही कोणाला कळू देत नाही. ‘अयाचित’ ही तिची मुख्य अट आहे.

मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकेच्या प्रकारांना नावे दिली आहेत. शेतात सांडलेले दाणे वेचणे हे ऋत, न मागता मिळालेले ते अमृत, मागून मिळवलेले ते मृत आणि शेती ती प्रमृत. नोकरीला तर श्ववृत्ती म्हणून ती वर्ज्यच ठरवली आहे. जगाला धान्य पुरवणारी शेती या उतरंडीत खाली, आणि त्याच धान्यातली न मागता मिळालेली मूठ वर, हा विरोधाभास त्या काळच्या व्यवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकतो. तिथेच साठ्यानुसार गृहस्थांचे चार वर्गही सांगितले आहेत : कोठार भरलेला, मडकेभर धान्य असलेला, तीन दिवसांची बेगमी असलेला आणि उद्यासाठी काहीच न ठेवणारा. यांत पुढचा पुढचा श्रेष्ठ. गीतेच्या नवव्या अध्यायातील बाविसावा श्लोक अनन्यभक्तांच्या योगक्षेमाचा भार भगवंतावर टाकतो, आणि पुढे या साऱ्या वृत्तीला तोच आधार म्हणून सांगितला जाऊ लागला.

यहुदी-ख्रिस्ती परंपरेत हाच विचार वाळवंटातल्या मान्नाच्या कथेत आहे. मिसरमधून निघालेल्या इस्राएली लोकांना रोज सकाळी अन्न मिळे, पण ते त्या दिवसापुरतेच. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेले किडे. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करण्याची आज्ञा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा. म्हणजे साठवण्याला सरसकट बंदी नव्हती, आणि अन्न तोंडात येऊनही पडत नव्हते. सकाळी उठून, वाकून ते वेचावे लागे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नये असे सांगितले आहे, आणि त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत पोटासाठी रोजच्या भाकरीपलीकडे काही मागितलेले नाही.

महाराष्ट्रात तुकारामांनी वडिलोपार्जित सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ही कथा सर्वश्रुत आहे. परंपरा असेही सांगते, की भावाच्या हिश्शाची खते त्यांनी बुडवली नाहीत. भरवसा ज्याचा त्याने ठेवायचा असतो, दुसऱ्याच्या जिवावर नाही, हा बारकावा कीर्तनांतून सहसा निसटतो. त्याच कथांमध्ये तुकारामांची बायको जिजाई संसाराच्या नावाने कडाकडा बोटे मोडते, आणि कीर्तनकार तिला कजाग ठरवून हशा मिळवतात. व्रत नवऱ्याने घ्यायचे आणि चुलीवर काय चढवायचे याची विवंचना बायकोने करायची, अशी वाटणी आकाशवृत्तीच्या बहुतेक घरांत झालेली दिसते. चरित्रकारांनी तिची दखल फारशी घेतलेली नाही.

एका माणसाचे किंवा एका घराचे हे व्रत शेकडो मुलांच्या संस्थेला लावून पाहण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात झाला. जॉर्ज म्युलर (१८०५–१८९८) हा मूळचा प्रशियाचा. विद्यार्थिदशेत त्याचे वागणे उनाडपणाचे होते. हाले येथे शिकत असताना त्याचे मन पालटले. त्याच गावात आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थापलेले प्रचंड अनाथालय होते, आणि म्युलर काही काळ तिथे राहिलाही होता. १८२९ मध्ये तो लंडनला आला. पुढच्या वर्षी टिनमथ येथे पाळक असताना त्याने ठरावीक वेतन नाकारले. हे वेतन चर्चमधल्या बाकांच्या भाड्यातून येई. पैसेवाल्याला पुढचे बाक आणि गरिबाला मागचे, ही रीत त्याला पटेना. त्याऐवजी दाराशी एक पेटी ठेवली, ज्याला वाटेल त्याने वाटेल ते टाकावे.

ब्रिस्टलमध्ये १८३६ साली विल्सन स्ट्रीटवरच्या एका भाड्याच्या घरात त्याने अनाथ मुलींसाठी पहिले वसतिगृह उघडले. हेतू त्याने स्पष्ट लिहून ठेवला आहे आणि तो वाचकाला जरा चमकवतो. अनाथांचे पालनपोषण हा त्याचा पहिला हेतू नव्हता. उपासमारीच्या धास्तीने रोज चौदा-सोळा तास राबणारे कारागीर आणि धंद्यात खोटेपणा केल्याशिवाय भागत नाही म्हणणारे दुकानदार त्याच्या मंडळीत होते. देव आजही प्रार्थना ऐकतो याचा डोळ्यांना दिसेल असा पुरावा त्यांच्यापुढे ठेवायचा होता. त्यासाठी नियम केले : कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, गरज बाहेर सांगायची नाही, कर्ज काढायचे नाही, उधारीवर काही घ्यायचे नाही.

पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, तेव्हा अ‍ॅशली डाउन या टेकाडावर स्वतःच्या इमारती बांधल्या. पहिली १८४९ मध्ये पुरी झाली, पाचवी १८७० मध्ये. पाचांत मिळून २,०५० मुलांची सोय झाली. म्युलरच्या हयातीत दहा हजारांवर मुले तिथे वाढली. चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ साप्ताहिकाने १८५७ मध्ये या संस्थेवर अनुकूल लेख छापला. सकाळी मुले रिकाम्या ताटांपुढे बसली आहेत, प्रार्थना चालू आहे आणि एवढ्यात पाववाला दार ठोठावतो, ही गोष्ट म्युलरबद्दल हमखास सांगितली जाते. ती नंतरच्या आठवणींतून आलेली आहे. त्याच्या कामाचे खरे बलस्थान तिच्यात नसून वार्षिक अहवालांत आहे. आलेला प्रत्येक पेनी, प्रत्येक अंगठी आणि कापडाचा तुकडा तारखेसह नोंदलेला. देणाऱ्याचे नाव गुप्त, पण रक्कम उघड. प्रार्थनेवर चालणाऱ्या या संस्थेची हिशेबवही एखाद्या पेढीला शोभेल अशी होती. त्याच्या हातून सुमारे १५ लाख पौंड खर्च झाले आणि मृत्यूनंतर त्याची स्वतःची मालमत्ता भरली सुमारे १६० पौंडांची.

या पद्धतीवरचा मोठा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता : आम्ही कोणाकडे मागत नाही, असे छापून वाटणे हेही मागणेच नव्हे काय? म्युलरला तो माहीत होता. १८४१ च्या अखेरीस हातात पैसे जवळजवळ नव्हते आणि अहवाल काढायची वेळ आली होती. तेव्हा तो आवाहनासारखा वाचला जाईल म्हणून त्याने प्रकाशन काही महिने लांबवले. यातून त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो. आक्षेप मात्र पुरता मिटत नाही, कारण पुढचे अहवाल निघतच राहिले आणि ते वाचूनच लोक देत राहिले.

हा विचार भारतात म्युलरच्या मेहुण्याबरोबर आला. अँटनी नॉरिस ग्रोव्ह्‌झ हा एक्झेटरचा दंतवैद्य चालता धंदा सोडून आधी बगदादला गेला आणि १८३३ मध्ये भारतात आला. तमिळ प्रदेशातील जॉन अरुलप्पन हे त्याचे अनुयायी मिशनऱ्यांचा पगार न घेता काम करत. मुंबईत १८४८ साली आलेला अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन याने लवकरच आपले वेतन सोडले आणि देशी वस्तीत अगदी थोडक्यात गुजराण करत १८८८ मध्ये मरेपर्यंत तो या शहरात राहिला.

या सगळ्यांपेक्षा पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण अधिक मोलाचे आहे, कारण आकाशवृत्तीची दोन्ही टोके त्यांनी स्वतः भोगली होती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी गंगामूळच्या अरण्यात आश्रम घातला. येणारे-जाणारे आणि विद्यार्थी यांच्या खर्चापायी ते कर्जात गेले आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण वाचायचे, ऐकणाऱ्याने पोथीपुढे जे ठेवले त्यावर दिवस काढायचे. अक्षरशः अयाचित वृत्ती. हातात पैसा होता तोवर तो दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेला. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात ऐकणाऱ्यांपाशीच काही उरले नाही, तेव्हा थोड्या महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. अंगमेहनतीचे काम करणे कुलाला कमीपणाचे, आणि ते शिकवलेलेही नव्हते, हे रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात कडवटपणे लिहिले. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले.

अशा बाईने पुन्हा देवाच्या भरवशावर संस्था काढावी, हे सहज घडलेले नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले ते पूर्ण आर्थिक तजवीज करून. बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिली होती आणि अमेरिकेतली गावोगावची मंडळे ठरलेली वर्गणी पाठवत. हमी संपल्यावर काय, या विचाराने त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे हा बेत होता. मधल्या काळात म्युलर, चीनमध्ये काम करणारा हडसन टेलर आणि मिशनरी जॉन पेटन यांची चरित्रे त्यांच्या वाचनात आली. पगार किंवा हमी नसतानाही मोठे काम उभे राहते याचा नमुना त्यांना तिथे सापडला.

कसोटी लगेचच आली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व बायका आणल्या. आपली माणसे ज्या रीतीने गेली, त्याच रीतीने मरणारी माणसे त्यांना रस्तोरस्ती पुन्हा दिसत होती. सदन तोवर पुण्याला हलले होते, पण तिथे प्लेगचे निर्बंध लागल्याने नव्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवले. मुक्ती सदन उभे राहिले ते असे, योजनेबाहेर. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांसाठी ठरलेली मिळकत नव्हती. देणग्या देश-परदेशांतून टपालाने येत आणि ‘मुक्ती प्रेअर बेल’ या पत्रिकेतून त्यांची वार्ता कळवली जाई.

केडगावची दिनचर्या पाहिली की डोंगरे कुटुंबाच्या आकाशवृत्तीत आणि हिच्यात काय अंतर होते ते कळते. इथे प्रार्थना पहाटेपासून असे, पण त्याबरोबर शेत होते, गोठा होता, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. ज्या ज्या जातीच्या मुली आल्या त्या सगळ्या एखादे तरी हातचे काम शिकत. दळण, मळणी, शिवण यांत कमीपणा नव्हता. रमाबाईंनी ख्रिस्ती होऊन वडिलांचा देव सोडला हे सर्वांना दिसले आणि त्यावर पुण्यात रणे माजली. वडिलांनी हाताला न लावलेले काम त्यांनी हजारो हातांना लावले याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते केडगाव टिकले ते यामुळे. भरवसा दोन्हीकडे सारखाच होता. वडिलांच्या बाबतीत देणारे श्रोते आसपासच्या मुलखातले, त्यामुळे एका दुष्काळात सगळे एकदमच कोरडे पडले. लेकीचे देणारे समुद्रापलीकडेही पसरलेले होते, आणि टपालखाते व आगबोटी त्यांच्या देणग्या केडगावच्या स्टेशनापर्यंत आणून पोचवत. श्रद्धावान याला ईश्वरी योजना म्हणेल. इतिहासकाराला पोस्टाचाही वाटा नोंदवावा लागतो.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. आकाशवृत्तीच्या ज्या कथा आपल्यापर्यंत येतात त्या तरलेल्यांच्या असतात. ज्यांचे ताट रिकामेच राहिले त्यांनी अहवाल छापले नाहीत. रमाबाईंचे आत्मकथन दुर्मीळ आहे ते यासाठी, की त्यात न तरलेल्या तिघांचीही हकिकत आहे.

म्युलरच्या संस्थेने अ‍ॅशली डाउनच्या इमारती १९५८ मध्ये विकल्या आणि मुलांसाठी लहान घरे घेतली. संस्था आजही ब्रिस्टलमध्ये आहे. केडगावचे मुक्ती मिशन स्त्रिया आणि मुलींसाठी अजून काम करते. गीतेतल्या त्या बाविसाव्या श्लोकाचे अखेरचे शब्द १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाने बोधवाक्य म्हणून घेतले. तिथे योगक्षेमासाठी हप्ता वेळेवर भरावा लागतो; सवलतीची मुदत उलटली की पॉलिसी बंद पडते.