एका शाळेची परीक्षा

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की पुण्यातील घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. अमुक शाळेचे इतके विद्यार्थी वरच्या श्रेणीत आले, तमुक शाळेची मुलगी संस्कृतात पहिली आली, आणि अमक्याच्या मुलाला त्या शाळेत प्रवेश मिळेल की नाही, यावर आईबाप तासन्‌तास बोलत राहतात. या चर्चेस हसण्याचे कारण नाही. मुलांच्या भवितव्याची काळजी तिच्या मुळाशी असते. परंतु निकालाच्या यादीवरून शाळेची पारख कितपत करावी, हा प्रश्न आजचा नव्हे. याच शहरात तो जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. ज्या शाळेच्या निमित्ताने तो उभा राहिला, त्या न्यू इंग्लिश स्कुलाच्या आरंभीच्या काळाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम १८७९ सालचे पुणे डोळ्यांपुढे आणावयास हवे. पेशवाई जाऊन साठ वर्षे लोटली होती. त्याच वर्षी मे महिन्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा या पेशव्यांच्या दोन इमारती आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या आणि त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांचे बंड मोडले. गावातील सुशिक्षितांवर सरकारची संशयाची नजर होती. इंग्रजी शिकण्याची ओढ मात्र कमी झाली नव्हती. उलट ती वाढतच होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. त्याची मॅट्रिकची परीक्षा उतरली की कॉलेजचे दार उघडत असे आणि सरकारी कचेरीतही मान मिळत असे. पुण्यात सरकारी हायस्कूल होते. खासगी शाळाही होत्या. पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही संस्था १८६० सालीच निघाली होती, आणि खुद्द फडके हे तिच्या स्थापकांपैकी एक होते. तेव्हा न्यू इंग्लिश स्कूल ही पुण्यातील पहिली खासगी शाळा नव्हे. तिचे वेगळेपण अन्य कारणात आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे त्या वेळी सरकारी शाळाखात्यात शिक्षक होते. त्यांची 'निबंधमाला' १८७४ पासून निघत होती आणि तिच्यातील स्वाभिमानाची भाषा तरुणांच्या तोंडी बसली होती. त्यांची बदली रत्नागिरीस झाली. तेथून १८७९ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि पुण्यात स्वतःची शाळा काढण्याचा निश्चय जाहीर केला. इकडे डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोन तरुणांचे असेच विचार चालले होते. सरकारी नोकरी धरावयाची नाही, आयुष्य शिक्षणाच्या कामी घालवावयाचे, हे त्यांनी आपसांत ठरविले होते. दोघे शास्त्रीबुवांना येऊन मिळाले. आगरकरांचे घर अत्यंत गरिबीचे. मुलगा मोठा पगार मिळवील, या आशेवर आई बसलेली. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून इतरांच्या हितासाठी आपला वेळ खर्च करणार, असे त्यांनी आईस कळविल्याची हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

२ जानेवारी १८८० रोजी बुधवार पेठेतील मोरोबादादांच्या वाड्यात शाळा सुरू झाली. शास्त्रीबुवा एकोणतीस वर्षांचे, टिळक तेवीस वर्षांचे. माधवराव नामजोशी आरंभापासून होते. वामन शिवराम आपटे लवकरच आले, आणि एम. ए. ची परीक्षा आटोपून आगरकर १८८१ च्या आरंभी रुजू झाले. शाळेपाशी स्वतःची इमारत नव्हती, सरकारी अनुदान नव्हते, संस्थानिकाचा आश्रयही अद्याप नव्हता. तरीही पहिल्या वर्षी मुलांची संख्या ३३६ झाली, आणि पाच वर्षांच्या आत ती १,००९ वर गेली. पेठांतील जुने वाडे एकामागून एक तिला अपुरे पडू लागले.

हा लोंढा कशामुळे आला? स्वाभिमानाच्या उपदेशाने कोणी आपला मुलगा शाळेत घालीत नाही. पालकांना प्रत्यय हवा असतो, आणि तो पहिल्याच वर्षी मिळाला. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात अग्रस्थान मिळविणाऱ्यास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती देण्यात येई. न्यू इंग्लिश स्कुलाच्या विद्यार्थ्याने ती पहिल्याच वर्षी पटकावली. काल निघालेल्या, भाड्याच्या वाड्यात भरणाऱ्या शाळेने जुन्या सरकारी शाळांना मागे टाकावे, ही गोष्ट त्या काळच्या पुण्यात केवढी मोठी वाटली असेल!

या यशाचे रहस्य शोधू गेल्यास ते साधेच आढळते. त्या काळी विद्यापीठाची उत्तम पदवी मिळविलेला मनुष्य मामलेदारी, मुन्सफी किंवा वकिली यांकडे वळे. शाळेच्या वर्गास तो क्वचितच मिळे. येथे प्रथम वर्गाचे पदवीधर बारा-चौदा वर्षांच्या मुलांना रोज शिकवीत होते. टिळक गणित शिकवीत. फळ्यावर पायरीपायरीने आकडे मांडीत बसण्यापेक्षा उदाहरण तोंडीच सोडविण्याकडे त्यांचा कल असे. हुशार मुलांना ही रीत अतिशय आवडे. मंद मुलांची मात्र तिने दमछाक होई, हेही सांगितले पाहिजे. संस्कृताची बाजू आपट्यांची. शाळेच्या दुसऱ्याच वर्षी, १८८१ साली, त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुढे १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश बाहेर पडला. आजही संस्कृताचा अभ्यासक तो कोश हाताशी ठेवतो. त्याचा कर्ता शाळामास्तर होता, ही गोष्ट मात्र थोड्यांच्याच ध्यानात असते.

याच मंडळींनी १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे काढली. दिवसा वर्ग आणि रात्री छापखाना, असा त्यांचा क्रम चालला. मग १८८२ साल उजाडले. शाळेच्या कसोटीचे खरे वर्ष हेच होय. १७ मार्च रोजी विष्णुशास्त्री अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या आत निवर्तले. जुलैमध्ये कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. स्थापक गेला, दोन प्रमुख शिक्षक कैदेत; अशा स्थितीत दोन वर्षांची शाळा कोसळावयाची. ती कोसळली नाही. मुले गळाली नाहीत आणि वर्ग चालू राहिले. शाळा एका तेजस्वी पुरुषावर अवलंबून नव्हती, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

त्याच वर्षी हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले गेले होते. हंटरसाहेबांनी ही शाळा पाहिली. सरकारी मदतीवाचून चालणारी ही संस्था देशातील सरकारी हायस्कुलांशी बरोबरी करू शकते, इतकेच नव्हे, तर परदेशांतील शाळांच्याही पंक्तीस बसू शकते, अशा आशयाचा अभिप्राय त्यांनी दिला. पुढे कित्येक वर्षे हा अभिप्राय शाळेचे भूषण म्हणून सांगितला जाई.

परंतु त्याच कमिशनपुढे, त्याच वर्षी, पुण्यातील आणखी एका शिक्षकाने आपले निवेदन ठेवले होते, आणि ते आपण विसरता कामा नये. ते शिक्षक म्हणजे जोतीराव फुले. त्यांनी १८४८ साली याच बुधवार पेठेत मुलींची शाळा उघडली होती. सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या श्रमातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांचे मागणे होते. न्यू इंग्लिश स्कूल सरकारी पैशावर चालत नव्हते, त्यामुळे खर्चाचा आक्षेप त्यावर थेट येत नव्हता. तरी तेथील बाकांवर बसणारी मुले बहुतांशी ब्राह्मणांची होती, मुलींना तेथे स्थान नव्हते, आणि हंटरसाहेबांनी वाखाणलेले यश त्या मर्यादेतले होते. एका मैलाच्या आत शिक्षणाचे हे दोन विचार नांदत होते. पहिला विचारी, 'आमची मुले कोणापेक्षाही कमी का असावीत?' दुसरा विचारी, 'जी मुले शाळेच्या दारापर्यंतच येत नाहीत, त्यांचे काय?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर निकालाच्या यादीत मिळते. दुसऱ्याचे तेथे मिळत नाही, कारण जो परीक्षेस बसलाच नाही त्याचे नाव नापासांतही नसते.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी, म्हणजे शाळेच्या पाचव्या वाढदिवशी, फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. देणग्या मिळविण्याच्या कामी नामजोशींची खटपट विलक्षण होती. सोसायटीच्या 'आजीव सभासदां'नी माफक वेतनावर वीस वर्षे काम करावे, असा नियम ठरला. वेतन पुढे दरमहा ७५ रुपये झाले. याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एकोणीस वर्षांचा पदवीधर ३५ रुपयांवर शाळेत शिक्षक म्हणून आला. पुढे कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर ज्यांची भाषणे गाजली, त्या गोखल्यांनी आरंभी मुलांसाठी अंकगणिताचे पुस्तक रचले होते.

येथे एक विसंगती दिसते, आणि ती स्थापकांनाही दिसत असली पाहिजे. सरकारी शिक्षणाने मनुष्य परावलंबी होतो म्हणून त्यांनी ही शाळा काढली. परंतु तिचे यश मोजले गेले ते सरकारमान्य विद्यापीठाच्या परीक्षेने. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, उत्तरांची भाषा इंग्रजी, आणि मोजपट्टीही परक्याच्या हातातील. ही पट्टी नाकारली असती तर काय झाले असते, याचे उत्तर पुढील इतिहासात आहे. प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ साली समर्थ विद्यालय काढले. तेथे राष्ट्रीय शिक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. तळेगाव दाभाडे येथे ते नावारूपास येत असतानाच १९१० साली सरकारने ते बंद पाडले. न्यू इंग्लिश स्कुलाने पट्टी स्वीकारली आणि ते टिकले. परीक्षेच्या यशाने पालक आले, पालकांमुळे फी आली, आणि फीच्या बळावर सरकारपुढे हात न पसरता शिक्षकांना पोटापुरते वेतन देता आले. निकाल ही त्या शाळेची ढाल होती. ढालीमागे जे होते ते मात्र परीक्षेत मोजले जात नव्हते: मोठ्या पगाराचा मोह सोडलेला मनुष्य दररोज समोर उभा राहून शिकवितो आहे, हे दृश्य मुलांच्या मनावर जो संस्कार करीत असेल, त्यास गुण देणारी प्रश्नपत्रिका कोणी काढावी?

आणि शाळेत कलह झाला तोही याच मुद्द्यावर. आजीव सभासदाने ठरल्या वेतनातच भागवावे आणि आपला सर्व वेळ संस्थेस द्यावा, असा टिळकांचा आग्रह होता. संसार वाढलेल्या इतर सभासदांना वेतनात थोडी वाढ आणि बाहेरच्या कामास थोडी मोकळीक हवी होती. त्यास आगरकर आणि टिळक यांच्यातील सामाजिक सुधारणेविषयीच्या मतभेदाची धार चढली. १८९० च्या अखेरीस टिळकांनी राजीनामा दिला. दोन्ही पक्षांची बाजू आज शांतपणे वाचली, तर कोणाही एकास दोषी ठरविणे कठीण जाते. त्यागावर उभारलेली संस्था मोठी झाली म्हणजे त्या त्यागाचे माप किती ठेवावे, हा प्रश्न सोपा नाही; आजच्या संस्थांनाही तो सुटलेला नाही.

आपटे १८९२ साली वारले, आगरकर १८९५ साली, नामजोशी १८९६ साली. शाळेस सोळा वर्षे होतात न होतात तोच आरंभीच्या पाच जणांपैकी एकही तिच्यात उरला नव्हता. शाळा मात्र राहिली. रमणबाग आणि टिळक रस्ता या ठिकाणी त्याच सोसायटीच्या शाळा न्यू इंग्लिश स्कूल हे नाव आजही चालवीत आहेत. मॅट्रिक गेली, दहावी आली. इंग्रजांचे राज्य जाऊनही पाऊणशे वर्षे उलटली.

म्हणून, श्रोतेहो, पुढच्या निकालाच्या वेळी मुलासाठी शाळा निवडताना यादी अवश्य पाहावी. न्यू इंग्लिश स्कूल तिच्याच बळावर जगले. परंतु ती पाहून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत. तेथे शिकविणारी माणसे कोण आहेत, आणि ती तेथे का आली आहेत? आणि त्या शाळेच्या दाराबाहेर कोणाची मुले राहिली आहेत? पहिला प्रश्न शास्त्रीबुवांच्या शाळेने आपल्याला शिकविला, दुसरा जोतीरावांनी. दोघेही याच शहराचे, आणि दोघांचेही ऋण आपल्यावर आहे.