पोटखराबातला तरस

नांदेडच्या महापालिकेच्या नावात वाघाळा आहे. निदान ऐकताना तरी त्यात वाघ दिसतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना वाघाविषयी विचारा, माहूर-किनवटच्या सागवानातल्या दहा हकिकती निघतील. तरसाचे नाव काढले की तोंड वाकडे होते. मीही त्यातलाच. वीस वर्षांपूर्वी अहमदपूरकडच्या आमच्या गावाचा इतिहास लिहिला. त्यात देशमुखांची वंशावळ होती, रझाकारांचे दिवस होते. माळावरच्या तरसाला एक ओळही नव्हती.

जुन्या कागदांत जनावर येते ते बहुधा शिकार म्हणून, नाहीतर उपद्रव म्हणून. १८७५ ते १९२५ या काळात ८० हजारांवर वाघ, दीड लाखांवर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेल्याचा हिशोब इतिहासकार महेश रंगराजन यांनी बक्षिसांच्या नोंदींवरून मांडला आहे. हे आकडे ब्रिटिश मुलखाचे, आपण निजामाकडे. पण मेलेल्यावर जगणाऱ्या जनावराला शिकारीची प्रतिष्ठा इकडेही नव्हती.

त्याचे काम मात्र मोठे. गावात ढोर मेले की माळावर ओढून टाकत. (ही ओढणी जातीने ज्यांच्या माथी मारली होती त्यांनी आंबेडकरी चळवळीत ती नाकारली, हे योग्यच झाले.) मांस गिधाडे संपवीत, हाडे तरस फोडी. त्याचा जबडा बैलाचे हाड फोडतो, म्हणून त्याची विष्ठा वाळली की चुन्यासारखी पांढरी होते. टीव्हीवर हसतो तो आफ्रिकेतला ठिपकेवाला. आपला पट्टेवाला बहुतेक मुकाच. पुढे जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅकने गिधाडे गेली. २००६ साली त्यावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. हाडे संपवणारा तरसच काय तो उरला.

आणि त्याचे घर? सातबाऱ्यावर ‘पोटखराब’. सारा ठरवणाऱ्या मोजणीदाराने खडक, नाला, घळ हिशोबातून वगळली. त्याच्या कामापुरते ते बरोबरच होते. पण पुढे तो शब्द जमिनीचा दोष होऊन बसला. खराबच आहे ना, मग काढा मुरूम! लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्क्याहूनही कमी. इथले रान म्हणजे हे माळ आणि पोटखराबच. खोकड, साळिंदर, तरस याच कपारींत.

आता गावाच्या इतिहासाची दुसरी आवृत्ती काढतो आहे. तरसाच्या पानासाठी छायाचित्र हवे म्हणून चैत्रात माळावर गेलो. जुन्या बिळाच्या तोंडावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे होते. चार पावलांवर पांढरी विष्ठा पडलेली. काडीने दाबली, तर भुगा झाला.