'लॉयल्टी' आगबोट : युद्धसेवेतून स्वदेशी जहाजवाहतुकीकडे

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडात आली आणि अकोला, अमरावती, खामगाव येथील कापसाच्या गाठी मुंबई बंदरापर्यंत जलद पोहोचू लागल्या. तेथून पुढचा सागरी प्रवास मात्र प्रामुख्याने परकीय कंपन्यांच्या आगबोटींतून होत असे. माल देशी आणि जहाजे परकीय, या स्थितीचे परिणाम पहिल्या महायुद्धात अधिक ठळक झाले. सैन्य व रसद यांच्या वाहतुकीसाठी सरकारने व्यापारी जहाजे ताब्यात घेतली. त्यामुळे व्यापारी मालास जागा अपुरी पडू लागली व भाड्याचे दर चढले. या पार्श्वभूमीवर 'लॉयल्टी' या आगबोटीच्या इतिहासाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यापारी जहाज ते रुग्णालय-जहाज :
या जहाजाचे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. इंग्लंडमधील बॅरो येथे 1890 मध्ये त्याचे जलावतरण झाले. 5,905 टनांचे हे जहाज कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर आणि जपान-चीन यांच्या दरम्यान प्रवासी, टपाल, रेशीम व चहा यांची ने-आण करीत असे. युद्धप्रसंगी तोफा बसवून ते वापरता यावे, अशी तरतूद त्याच्या बांधणीतच होती. 1914 मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी अन्य संस्थानिकांच्या सहकार्याने ते खरेदी केले व भारतीय सैनिकांसाठी त्याचे रुग्णालय-जहाजात रूपांतर करविले. 'लॉयल्टी' हे नवे नाव ब्रिटिश साम्राज्यावरील निष्ठेचे द्योतक होते.

स्वदेशी उपक्रम :
युद्ध संपल्यावर, 1919 मध्ये, मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या सहकार्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि हे जहाज विकत घेतले. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघाले. साम्राज्यनिष्ठेचे नाव धारण करणारे जहाजच अशा रीतीने स्वदेशी जहाजवाहतुकीचे प्रतीक ठरले. 1964 पासून 5 एप्रिल हा दिवस 'राष्ट्रीय सागरी दिन' म्हणून पाळला जातो.

तथापि या घटनेचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासास धरून होणार नाही. जहाज जुने झाले होते आणि 1923 मध्ये ते मोडीत निघाले. त्याच वर्षी ब्रिटिश कंपन्यांशी झालेल्या करारान्वये सिंदिया कंपनीला आपले कार्यक्षेत्र किनारी वाहतुकीपुरते मर्यादित करावे लागले. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी 1928 मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेल्या साराभाई हाजी यांच्या विधेयकाचेही कायद्यात रूपांतर होऊ शकले नाही.

निष्कर्ष :
एका जहाजाने प्रवासी-मालवाहू, रुग्णसेवा आणि पुन्हा व्यापार अशी तीन रूपे धारण केली. यावरून असे दिसते की, जहाजाचे रूपांतर ही तांत्रिकदृष्ट्या सुलभ बाब होती. परंतु केवळ जहाज हाती आल्याने सागरी मार्गावरील अधिकार प्राप्त होत नव्हता. त्यासाठी भांडवल, प्रशिक्षित अधिकारी आणि कायद्याचे संरक्षण आवश्यक होते. 1927 मध्ये 'डफरिन' या जुन्या सैन्यवाहू जहाजावर मुंबईत भारतीय तरुणांचे नौप्रशिक्षण सुरू झाले, ते याच दिशेने पडलेले पाऊल होय. वऱ्हाडच्या कापसाचा आर्थिक इतिहास अभ्यासताना शेत, जिनिंग कारखाना आणि रेल्वे यांच्याबरोबर जहाजाच्या मालकीचा प्रश्नही विचारात घेणे अगत्याचे ठरते.