कळलावीचं विष आणि चेतापेशीतले रूळ

आजची गोष्ट आपल्या बांधावरून सुरू होते. पावसाळ्यात धारूरच्या डोंगरात गेलात, तर कुंपणावर जाळासारखी लाल-पिवळी फुलं दिसतील. ती कळलावी. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरायचे, त्यावरून हे नाव. फोटो खुशाल काढा, पण कंद तोंडात घालू नका. त्यानं माणूस दगावतो.

त्यातलं विष म्हणजे कोल्चिसिन. ते पेशींचं विभाजन अडवतं हे आधीच माहीत होतं. कसं, ते नव्हतं. १९६७ मध्ये शिकागोत गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कोल्चिसिन वापरून ते कशाला चिकटतं ते शोधलं. गंमत म्हणजे मेंदूत ते भरपूर चिकटलं. अरे, पण मेंदूतल्या चेतापेशी तर विभागतच नाहीत! मग हे विष तिथं धरतं कशाला?

धरतं ट्यूब्युलिन या प्रथिनाला. त्याचे कण एकावर एक बसून २५ नॅनोमीटर जाडीच्या नळ्या होतात, त्या मायक्रोट्यूब्यूल. चेतापेशीच्या लांब शेपटाला, ॲक्झॉनला, त्याच ताठ ठेवतात. शिवाय त्यांच्यावरून पेशीचा माल धावतो, म्हणून मी त्यांना रूळ म्हणतो. (रुळांची किंमत बीडकरांना वेगळी सांगायला नको!) तुमच्या कमरेपासून अंगठ्यापर्यंत जाणारी एकेक पेशी सुमारे मीटरभर लांब असते. १९७० मध्ये कोंबडीच्या भ्रूणातल्या वाढत्या चेतापेशींना कोल्चिसिन दिलं, तर ॲक्झॉन चक्क मागे आकसले.

पण रूळ नुसते टाकून भागत नाही, ते जोडून घट्ट धरावे लागतात. १९७५ मध्ये प्रिन्स्टनला मार्क किर्शनरच्या गटाला डुकराच्या मेंदूत एक प्रथिन सापडलं. ते काढून घेतलं की ट्यूब्युलिनच्या नळ्या बनेनात, परत घातलं की बनू लागल्या. त्याचं नाव टाऊ. अल्झायमरच्या बातम्यांत येतं ना, तेच! १९९० मध्ये उंदरांच्या पेशींत टाऊ बनूच दिलं नाही, तर ॲक्झॉन तयार होईना. सगळ्यांना वाटलं, झालं, सापडली किल्ली.

आणि इथे मला ही गोष्ट खरी आवडायला लागते. १९९४ मध्ये जपानमध्ये टाऊचं जनुकच नसलेले उंदीर जन्माला घातले. ते मजेत जगले! कारण मॅप१ए नावाचं दुसरं प्रथिन जास्त बनू लागलं होतं. २००० मध्ये टाऊबरोबर मॅप१बीही काढलं, तेव्हा मात्र ॲक्झॉनची वाढ खुंटली आणि पिल्लं काही आठवड्यांतच मेली.

सध्या हेच काम पुण्यात, आयसर संस्थेत अर्णब घोष यांच्या प्रयोगशाळेत चालतं. कोंबडीच्या भ्रूणातल्या चेतापेशींत फॉर्मिन-२ हे प्रथिन ॲक्झॉनच्या टोकाला रूळ आणि ॲक्टिनचे धागे एकमेकांना जोडतं. तो जोड नसेल, तर टोकाला कुठे वळायचं तेच कळत नाही, असं त्यांच्या गटानं २०२१ मध्ये दाखवलं. अंडी अर्थातच आपल्याच कोंबड्यांची.